चौथा भाग कोणाकडे?

घरात चोर शिरला तर काय करायचं हे माणसाला उपजत ठाऊक असतं. ओरडायचं. पण चोर दारावरची घंटा वाजवून आला, चपला भिंतीशी नीट जोडून ठेवल्या, बाबांची झोप कशी आहे ते विचारलं आणि चहात साखर अर्धाच चमचा घालायला सांगितली, तर काय करायचं याची सोय कोणीच करून ठेवलेली नाही. त्या शनिवारी सकाळी बेबीपुढे हाच प्रश्न उभा होता, आणि तोही एक सोडून दोन चोरांच्या बाबतीत.

बेबीचं वय चव्वेचाळीस. बाहेरच्या जगात ती विमा कंपनीतली दावे तपासणारी अधिकारी. ज्याचं दुकान जळालं त्याच्याकडे जायचं, फार वाईट झालं असं म्हणायचं, आणि मग दुकान नेमकं कोणत्या कोपऱ्यातून जळायला लागलं हे विचारायचं, हा तिचा रोजचा उद्योग. इतकी वर्षं हे केल्यावर माणसाची मानच जरा तिरकी होते. सरळ दिसणारी गोष्टही एकदा बाजूने बघून घ्यावीशी वाटते. पण जिना चढून माहेरच्या दारात उभी राहिली की ती पुन्हा बेबी व्हायची, आणि बेबीच्या तिरक्या मानेला तिथे कोणी किंमत देत नसे.

आई गेल्यापासून ती सुट्टीच्या दोन दिवसांत बाबांकडे येत होती. या खेपेला मात्र तिच्या पर्समध्ये रविवार संध्याकाळची परतीची दोन तिकिटं होती. बाबांना आता आपल्याकडे घेऊन जायचं, घर बंद करायचं, असं तिने ठरवलं होतं. बाबांना ते अजून सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं की ते काय म्हणणार हे तिला पाठ होतं: "मी एकटा कुठे आहे? बाइंडर आहे, मावशी आहेत." आणि गोम तिथेच होती. याच दोन माणसांच्या भरवशावर बाबांना सोडून जाववत नव्हतं.

बाइंडरकाका म्हणजे बाबांच्या शाळेतले मित्र. चौकातल्या गाळ्यात पुस्तकं बांधायची हा त्यांचा धंदा. बोटांना कायम खळीचा वास. मावशी म्हणजे सख्ख्या मावशी नव्हेत. कोर्टातल्या टायपिस्ट म्हणून त्या निवृत्त झाल्या होत्या, आणि जन्मभर इतरांच्या जबान्या टाइप करून त्यांच्या बोलण्यालाही समासच पडला होता. हे दोघं आणि आई-बाबा अशा चौघांना एकच व्यसन होतं, रहस्यकथांचं. तेही जुन्या, पिवळ्या पडलेल्या, ज्यांत पाहुणे जमलेले असतात, बाहेर वादळ असतं आणि जेवणाच्या टेबलावर एक खुर्ची रिकामी राहते अशा.

आता पुस्तक एक आणि वाचणारे चार, म्हणजे भांडण आलंच. त्यावर बाइंडरकाकांनी धंदेवाईक तोडगा काढला होता. पुस्तक हाती आलं की ते त्याची शिवण उसवायचे, चार भाग करायचे, प्रत्येकाला खाकी कव्हर घालायचे आणि शनिवारी चौघांना वाटायचे. पुढच्या शनिवारी अदलाबदल. सगळ्यांचं वाचून झालं की पुस्तक पुन्हा शिवून कपाटात. त्यामुळे व्हायचं असं की पहिल्या आठवड्यात एकाच्या घरी नुसतं प्रेत असे, दुसऱ्याच्या घरी नुसते संशयित, तिसऱ्याकडे पोलीस येऊन बसलेले, आणि चौथ्याकडे थेट अटक. हा चौथा भाग नेहमी आई घ्यायची. खुनी कोण ते एकदा कळलं की मग माणसं निवांत बघता येतात, असं तिचं म्हणणं. नियम एकच होता. शेवट सांगायचा नाही.

आई गेली आणि हे सगळं थांबलं. बाबा म्हणाले, वाचन बंद. बेबीला वाटलं, स्वाभाविक आहे.

मग मागच्या खेपेला बाइंडरकाका पंख्याला तेल घालायला आले. पंखा बैठकीत होता. काका स्वयंपाकघरात स्टुलावर उभे होते आणि त्यांचा हात कोपरापर्यंत पिठाच्या डब्यात होता. बेबीला बघून त्यांनी हात शांतपणे बाहेर काढला आणि म्हणाले, पिठाला अळी लागली आहे का बघत होतो. मावशी हात धुवायला म्हणून आत गेल्या आणि आईच्या पलंगाची गादी उचलून खाली बघताना सापडल्या. केसातला आकडा पडला म्हणाल्या. मावशींचे केस शाळकरी मुलासारखे बारीक कापलेले आहेत. त्यात आकडा काय, सुईसुद्धा टिकली नसती. त्याहून वाईट म्हणजे, निघताना काकांनी बेबीला बाजूला घेऊन मावशींना आतल्या खोलीत एकटं सोडू नकोस असं सांगितलं, आणि मावशींनी जिन्यात थांबून काकांबद्दल शब्दाशब्दाने तेच सांगितलं. दोन दावेदार एकमेकांकडे बोट दाखवू लागले की दोघांचीही फाइल वेगळी काढायची, हे बेबी नोकरीच्या पहिल्या वर्षी शिकली होती.

या शनिवारी सकाळी तर चहा पिऊन दोघं गेल्यावर स्वतः बाबाच माळ्याखाली उभं राहून, हात वर करून फळी बोटाने ठोकून बघत होते. काय शोधताय विचारलं तर म्हणाले, काही नाही, फळी आहे का बघतोय.

हे सगळं बेबीने खालच्या मजल्यावरच्या काकूंना सांगितलं, आणि इथे ती चुकली. खालच्या काकूंना ऐकून घेण्याची कला अवगत नव्हती. त्या ऐकता ऐकताच निकाल देत. हे घराच्या कागदांसाठी चाललं आहे, असं त्यांनी जाहीर केलं. त्यांच्या चुलत दिराच्या मित्राने असंच गोड बोलून दिराचं घर स्वतःच्या नावावर करून घेतलं होतं. तो मित्रही चहात साखर कमीच घ्यायचा. कुलूप बदल, आजच बदल, असं म्हणून काकूंनी कुलूपवाल्याला परस्पर निरोपही पाठवला.

कुलूपवाला आला. कुलूप असं आहे की हत्तीने धडक दिली तरी उघडणार नाही, असं त्याने सांगितलं. इमारतीत हत्तीची भीती कोणालाच नव्हती, पण बेबीला ते बरं वाटलं. त्याने दाराच्या चौकटीला ड्रिल लावलं मात्र, सोसायटीचे सेक्रेटरी वर आले. सामाईक जिन्याकडे तोंड असलेल्या चौकटीला भोक पाडायचं तर अर्ज लागतो. बेबीने आयुष्यभर लोकांकडून अर्ज भरून घेतले होते. आपल्यावर ही पाळी आलेली बघून तिचे कान लाल झाले. तिने अर्ज लिहिला. 'कारण' या रकान्याशी ती अडली. 'वडिलांचे मित्र' असं लिहिणं शक्य नव्हतं. सेक्रेटरी डोक्यावर उभे. तिने घाईत लिहिलं, उंदीर.

सेक्रेटरींनी ते दोनदा वाचलं. कुलपाने उंदीर कसे थांबणार, ही त्यांची पहिली शंका. तिसऱ्या मजल्यावर उंदीर असतील तर पहिल्या दोन मजल्यांचं काय, ही दुसरी. तासाभरात खालच्या फळ्यावर सूचना लागली, आणि दुपारपर्यंत इमारतीतली निम्मी माणसं बेबीला उंदरांवरचे उपाय सांगून गेली. एका बाईंनी तर पिंजरा आणून दिला, आणि तो साफ करून परत द्यायला सांगितलं. विमा कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने उंदराचा पिंजरा हातात धरून जिन्यात उभं राहावं, यात वास्तविक काही कमीपणा नाही. पण ते त्या वेळी तिला कोणी सांगायला हवं होतं.

कुलूप बसलं. आता जाळं टाकायचं. दुपारी बाबा केस कापायला निघाले. बेबी मोठ्याने म्हणाली की तीही बाजारात जाते आहे, यायला उशीर होईल. मग ती एक मजला उतरली आणि खालच्या काकूंच्या स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून, छताकडे बघत बसली. नवीन कुलूप लागल्यावर कोणी आत येणं शक्यच नव्हतं. कोणी येऊन दारातून परत गेलं, की चोरी सिद्ध झाली, असा तिचा हिशेब होता.

थोड्याच वेळात वर पावलं वाजली. जिन्यात नव्हे, घरात. काकूंनी बेबीचा हात घट्ट धरला. मग दुसरी पावलं, दुसऱ्या खोलीत. मग काहीतरी धाडकन पडलं आणि गोल फिरत फिरत थांबलं. तो पिठाचा डबा होता. त्याचा आवाज बेबी लहानपणापासून ओळखत होती.

दोघी वर धावल्या. बेबीने किल्ली घातली, ती अर्धी फिरली आणि अडकली. पुढे जाईना, मागे येईना, बाहेरही निघेना. हत्तीसाठी केलेलं कुलूप आपल्या कामाला लागलं होतं. धडपड ऐकून जिन्यात माणसं जमली. सेक्रेटरी काठी घेऊन आले आणि सगळ्यांना मागे सरकायला सांगून दाराला कान लावून उभे राहिले. आतून शिंक आली.

"उंदीर शिंकतात का हो?" काकूंनी हळूच विचारलं.

सेक्रेटरी काही बोलायच्या आत आतल्या खोलीतून मावशींचा करडा आवाज आला. स्वयंपाकघरात कोण आहे, नाव सांगा. स्वयंपाकघरातून काकांचा आवाज आला, की आधी तुम्ही सांगा. मग त्या बंद घरात दोघांची गाठ पडली असावी, कारण एकदम भांडण सुरू झालं. दोघांनाही कमी ऐकू येतं, त्यामुळे ते सबंध इमारतीला नीट ऐकू गेलं. तुम्हीच लपवलंत. तुम्हीच लपवलंत, म्हणून शोधायचं नाटक करता. आणि मग जिन्यातल्या सगळ्यांच्या अंगावर काटा आला.

"वकिलाने मारलं," बाइंडरकाका ओरडत होते. "वहिनींनी जायच्या आधी मला स्वतः सांगितलंय."

"नर्सने मारलं," मावशी म्हणाल्या. "मला हात धरून सांगितलं तिने. रोजच्या औषधातून विष."

आई हॉस्पिटलमध्ये होती तेव्हा तिच्याजवळ एक नर्स होती. चांगली होती, बेबीने तिचे आभारही मानले होते. काकूंनी सेक्रेटरींना पोलिसांना बोलवायला सांगितलं. सेक्रेटरी म्हणाले, त्यासाठी आधी अध्यक्षांना कळवावं लागेल.

तेवढ्यात बाबा जिना चढून आले. मानेवर पावडर, केस बारीक. त्यांनी गर्दीकडे बघितलं, दारामागचं भांडण जरा वेळ ऐकलं, आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "कोणीही मारलं नाही. तो पाय घसरून पडला."

"कोण तो?" बेबी म्हणाली.

"बर्फाचा कारखानदार. पुस्तकातला."

कुलूपवाला येऊन दार उघडेपर्यंत गर्दी पांगली होती. फुकटच थांबलो, असा चेहरा करून माणसं खाली गेली. कुलूप सबंध काढावं लागलं. आत काका कोपरापर्यंत पांढरे आणि मावशींच्या डोक्यावर पलंगाखालचं जाळं. दोघांच्याही हातांत नव्या किल्ल्या होत्या. बाबांनीच केस कापायला जाता जाता दिलेल्या. कुलूप बदललं तर त्यांना किल्ली नको का, त्यांच्याकडे नेहमीच असते, असं बाबांचं सरळ म्हणणं होतं.

बेबीने तिघांना टेबलाशी बसवलं आणि समोर स्वतः बसली. आता ती कचेरीतली होती. काय शोधत होता, एवढंच तिने विचारलं.

मावशी म्हणाल्या, "चौथा भाग."

हळूहळू सगळं बाहेर आलं. आईने नेहमीप्रमाणे चौथा भाग आधी घेतला होता. बाकीच्यांचे तीन भाग आपापसांत फिरून झाले. मग आई आजारी पडली, आणि भेटायला गेल्यावर काकांनी हळूच, नियम मोडून, खुनी कोण ते विचारलं. आईने शपथ घालून सांगितलं, वकील. मावशींनीही असंच एकटं गाठून विचारलं होतं, आणि त्यांना नर्स सांगितली. बाबांनी उशाशी बसून विचारलं तेव्हा तो पाय घसरून पडला होता. आई गेल्यावर दोघं एकदा याच टेबलाशी बसली असताना विषय निघाला, आणि त्या दिवसापासून त्यांचं धड बोलणं नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं की दुसरा खोटं बोलतो आहे आणि पुरावा नाहीसा करणार आहे. पुस्तक जुनं, दुसरी प्रत मिळत नाही.

"पण मला विचारायचं होतं," बेबी म्हणाली. "इतकं साधं."

मावशींनी डोक्यावरचं जाळं काढून बोटाभोवती गुंडाळलं. "आई गेलेल्या मुलीला काय विचारायचं? आमच्या गोष्टीचा शेवट कुठे ठेवलाय, म्हणून?"

बेबीने तपासणी पुढे चालू ठेवली. कुठे कुठे बघितलं ते तिने क्रमाने विचारलं, आणि तिघांनी मिळून सबंध घर मोजून दाखवलं: पिठाचा डबा, गाद्या, माळा, शिवणयंत्राचा खण, चपलांचं कपाट, गॅसच्या शेगडीखालची जागा. तिच्याच घरातल्या काही जागा तिला आज पहिल्यांदा कळल्या.

"म्हणजे काहीच राहिलं नाही," ती म्हणाली.

"दारामागची पिशवी राहिली," काका म्हणाले. "हॉस्पिटलची. ती आम्ही बघितली होती."

"मग?"

"मग काय. ती आम्ही कोण उघडणार, बेबी?"

बेबी उठली. पिशवी आतल्या दारामागे, ज्या खिळ्याला तिने स्वतः येऊन अडकवली होती तिथेच होती. इतक्या आठवड्यांत तिनेही तिला हात लावला नव्हता. दार उघडताना ती भिंतीवर आपटू नये म्हणून हाताने धरायची, तेवढंच. तिने ती टेबलावर आणली. कंगवा निघाला, साबणाची डबी, घडी केलेली शाल, चष्म्याचं घर. आणि तळाशी खाकी कव्हर.

काका आणि मावशी एकदमच पुढे वाकले. काकांनी भाग हातात घेतला, उघडायला गेले आणि थांबले. मग त्यांनी तो बाजूने डोळ्यांजवळ धरला.

"याच्या घड्या फोडलेल्या नाहीत," ते म्हणाले.

छापलेला मोठा कागद घड्या घालून शिवतात, आणि कडा कापल्या नाहीत तर पानं एकमेकांना जोडलेलीच राहतात, हे त्यांनी बेबीला समजावलं. पुस्तकाच्या आधीच्या मालकाने ते अर्ध्यावर सोडलं असणार. शेवटची पानं जोडलेलीच होती. काकांनी ती मुद्दाम तशीच दिली होती, कारण वहिनींना स्वयंपाकाच्या सुरीने एकेक घडी फोडत वाचायला आवडायचं. इथे एकही घडी फुटलेली नव्हती. या भागातलं एकही पान कोणी वाचलेलं नव्हतं.

काकांनी भाग टेबलावर ठेवला. मग मावशी म्हणाल्या, "पण मला म्हणायची, मजा येतेय. छान रंगलंय."

"चष्मा पुसून मागायची," बाबा म्हणाले. "सारखा. मला वाटायचं, काचच खराब आहे."

काकांना हसू आलं ते आधी कोणाला हसू वाटलंच नाही. त्यांच्या गाळ्याचा खटला इतकी वर्षं चालला होता की वकील हा शब्द ऐकला तरी त्यांच्या कपाळावर आठी येई. त्यांना वकील मिळाला होता. मावशींनी सगळा जन्म वकिलांना चांगलं म्हणण्यात घालवला; त्यांच्यासाठी तिने वकील सोडून दुसरंच माणूस शोधलं होतं. आणि बाबांना डासही मारवत नाही. बाबांच्या गोष्टीत तिने खूनच होऊ दिला नाही. झोपून, छताकडे बघत, ज्याला जो शेवट हवा तो तिने करून दिला होता. एकालाही शंका आली नव्हती.

त्या दिवशी भाग तसाच टेबलावर राहिला. जायच्या आधी काका आणि मावशींनी मिळून पीठ झाडून घेतलं, आणि केर कोणी काढायचा यावरून वाद घालत गेले.

रविवारी सकाळी दोघं परत आली, घंटा वाजवून, कारण आता दाराला कुलूपच नव्हतं, नुसती कडी होती. काकांनी खिशातून कागद कापायची लाकडी पट्टी काढून बेबीसमोर ठेवली. चौथा भाग चौथ्या माणसाने आधी वाचायचा, तसा नियम आहे, ते म्हणाले. मावशींनी मान डोलावली. बाबा खिडकीबाहेर बघत होते.

बेबी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याशी उभी राहिली आणि एकेक घडी फोडत वाचू लागली. बाहेर तिघं गप्प बसून तिच्या पाठीकडे बघत होते, हे तिला न वळता कळत होतं. खुनी कोण ते तिला शेवटून दुसऱ्या पानावर कळलं. ते इथे सांगता येणार नाही. पण तो वकील नव्हता, नर्स नव्हती, आणि पाय तर कोणाचाच घसरला नव्हता. लेखकाने ज्याला दोषी ठरवलं होतं तो माणूस, खरं सांगायचं तर, आईच्या तिन्ही खुन्यांपुढे अगदीच मिळमिळीत होता.

तिने भाग मिटून काकांपुढे ठेवला. पुढच्या शनिवारी न्या, म्हणाली, आणि मी येईन तेव्हा दुसरं पुस्तक उसवून ठेवा. मग बाबांकडे वळून तिने सांगितलं की संध्याकाळी ती एकटीच जाते आहे.

"मग मी कुठे येणार होतो?" बाबा म्हणाले.

काही नाही, असंच, असं म्हणून तिने विषय संपवला, आणि पर्समधलं एक तिकीट रद्द करायला स्टेशनवर कोणती खिडकी असते याचा विचार करू लागली.

संध्याकाळी ती बॅग भरत असताना काका कपबशी ठेवायच्या निमित्ताने आत आले. कुणाला सांगत नाही, पण वकीलच ना, असं त्यांनी भिंतीकडे बघत विचारलं. बेबी म्हणाली, वकीलच. थोड्या वेळाने मावशी पाणी प्यायला आल्या. त्यांच्या हातात पाण्याने भरलेला पेला आधीच होता. नर्सच ना, एवढंच त्यांना हवं होतं. नर्सच, बेबी म्हणाली, आणि बॅगची चेन ओढली.

बाबा तिला दारापर्यंत सोडायला आले. पत्ता तोच आहे ना, गाडी कोणत्या फलाटावर लागते, पाण्याची बाटली घेतलीस का, असं सगळं विचारून झालं. मग ते कडीशी चाळा करत उभे राहिले.

"बेबी, पाय घसरला ना त्याचा?"

"हो बाबा. पाय घसरला."

"मला वाटलंच," ते म्हणाले, आणि बऱ्याच दिवसांनी ताठ चालत आत गेले.

ती जिन्याच्या पहिल्या वळणावर पोचली असेल नसेल. उघड्या दारातून बाबांचा आवाज आला, मी म्हणत नव्हतो का, बेबीनेच सांगितलं आत्ता. त्यावर काका काहीतरी बोलले. त्यावर मावशी. मग वर एकदम सामसूम झाली, खुर्च्या सरकल्या, आणि तिघांचाही आवाज एकाच वेळी जिन्यात उतरला.

"बेबी, जरा वर ये."

बेबीने बॅग दुसऱ्या हातात घेतली आणि भराभर खाली उतरू लागली.